पुड्याएवढं पाणी

मावशींच्या माहेरी भाताचं पाणी वाटीनं मोजत नसत, पुड्यानं मोजत. तांदळाचा पुडा वरून कात्रीनं सरळ कापायचा, तांदूळ पातेल्यात ओतायचे, आणि त्याच रिकाम्या पुड्यात काठोकाठ पाणी भरून ते दोनदा ओतायचं. वाटी नको, बोटाची पेरं नकोत, अंदाजपंचे तर अजिबात नको. "जेवढा पुडा तेवढं पाणी, दोनदा. यात चुकेल तो माणूस नव्हे," असं मावशींची आई म्हणायची. पाण्यानं फुगलेला तो डुगडुगता पुडा पातेल्यापर्यंत नेताना निम्मं अंग भिजायचं आणि बघणारा हसायचा. हसेना का. भात असा व्हायचा की शितं मोजून घ्या.

हीच पद्धत मावशींनी वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात आणली. वसतिगृह नर्सिंग शिकणाऱ्या मुलींचं, आणि मावशी तिथं स्वयंपाकीण. इतकी वर्षं की त्यांनी जेवू घातलेल्या मुलींच्या मुली आता शिकायला येत होत्या. त्यांना सगळेच मावशी म्हणत. रेक्टरबाई वयानं त्यांच्याहून मोठ्या, पण त्याही मावशीच म्हणत. हाताखाली एक बाई होती, भाज्या चिरायला आणि भांडी घासायला. तिचं तोंड सकाळी सुरू व्हायचं ते ओटा पुसून होईपर्यंत बंद व्हायचं नाही, म्हणून तिला सगळे रेडिओ म्हणत. तिला ते आवडायचं.

तर एक दिवस भात आसट झाला.

होतो एखाद्या दिवशी माणसाचा भात आसट, त्यात काय एवढं? मावशींनी गॅसला दोष दिला. पुढच्या आठवड्यात पुन्हा झाला, तेव्हा तांदूळ नवा असेल म्हणाल्या. मग सूप पातळ व्हायला लागलं. त्याचीही वहिवाट ठरलेली, एका पाकिटाला एक जग पाणी; मुली चमचा उभा करून दाखवायच्या आणि तो आडवा पडायचा. रविवारचा केक मधोमध बसला. आणि सगळ्यात लाजिरवाणी गोष्ट म्हणजे जेवण पुरेनासं झालं. रांगेतल्या शेवटच्या मुलींच्या ताटात पातेल्याची खरवड जायला लागली. मावशींच्या स्वयंपाकघरात असं कधी झालं नव्हतं.

"मावशी, आज दात पडलेले पाहुणे आहेत का कुणी?" भाताकडे बघून रेडिओ म्हणाली. एरवी मावशींनी तिला झाऱ्यानं मारल्यासारखं केलं असतं. त्या दिवशी त्या नुसत्या पातेल्यात बघत राहिल्या.

मग हे घरीही सुरू झालं. मावशी एकट्या राहायच्या, यजमान जाऊन बरीच वर्षं झाली होती. महिनाभर पुरणारा चहा महिना सरायच्या आत तळ दाखवायला लागला. कपडे धुवायची पावडर संपली. बिस्किटं संपली. घरात दुसरं कुणी नाही, मांजरसुद्धा नाही. मग चहा पितं कोण? मीच पिते आणि विसरते, दुसरं काय. डब्याचा तळ चमच्यानं खरवडताना त्या मध्येच थांबल्या.

घाबरायला कारण होतं. त्यांच्या आईचं असंच सुरू झालं होतं. आधी भाजीत मीठ दोनदा, मग दुधाखालचा गॅस तसाच. सगळे हसायचे, म्हातारीचं लक्ष नाही म्हणायचे, आणि म्हातारीही त्यांच्याबरोबर हसायची. त्या काळात मावशी कामावर जायच्या आणि त्यांची लेक, जेमतेम बसायला लागलेली, आजीजवळ असायची. एका दुपारी डोकं दुखतं म्हणून मावशी लवकर घरी आल्या. घरात कुणी नाही आणि न्हाणीत नळ सुरू. आजी साबण आणायला कोपऱ्यावरच्या दुकानात गेली होती आणि तिथंच गप्पा मारत बसली होती. पोर टबात होती, दोन्ही हातांनी काठ धरून, आणि पाणी तिच्या हनुवटीला लागलं होतं. रडतही नव्हती. मावशींनी तिला उचललं, कोरडं केलं, आणि हे कुणाला म्हणजे कुणाला सांगितलं नाही. नवऱ्याला नाही, आणि पुढे ती मोठी झाल्यावर तिलाही नाही.

आता त्या लेकीला मुलगी झाली होती.

बाळ पोटात होतं तेव्हाच सगळं ठरलं होतं. लेकीची रजा संपली की मावशींनी नोकरी सोडायची आणि नातीला सांभाळायला लेकीच्या घरी राहायला जायचं. मावशींनी रेडिओला हे इतक्यांदा ऐकवलं होतं की शेवटी तीच म्हणाली, "मावशी, हल्ली माझ्यापेक्षा तुमचंच स्टेशन जोरात लागतंय." नात कशी हसते, कुठल्या कुशीवर झोपते, तिची टाळू भरली की नाही, सगळं. मावशींना दुसरं काही नको होतं आता आयुष्याकडून, आणि नेमकी अशा वेळी त्यांच्या हाताची ही तऱ्हा.

मग त्यांनी स्वतःची परीक्षा घ्यायला सुरुवात केली. बसमध्ये बसल्या की मनातल्या मनात एकोणतीसचा पाढा. तो झाला की नातेवाईक: थोरल्या आत्याची मुलं किती, कोणती कुठं दिली, कुणाचं कुणाशी का पटत नाही. सगळं बिनचूक यायचं, भांडणांच्या कारणांसकट. म्हणजे डोकं शाबूत आहे, असं म्हणून त्या उतरायच्या आणि संध्याकाळी भाताचा डाव उचलला की पुन्हा काळजाचं पाणी. घराला कुलूप लावून खाली गेल्या की परत वर येऊन ते ओढून बघायच्या. गॅसची बटणं बंद केल्यावर त्यांच्यावर हात ठेवून मोठ्यानं म्हणायच्या, "बंद. बंद. हेही बंद." शेजारणीला वाटलं, मावशी फोनवर कुणाला तरी दटावतायत.

त्यांनी एक युक्ती केली. काड्यापेटी उघडून ओट्यावर ठेवली. तांदळाचा एक पुडा ओतला की एक काडी डावीकडे, एक पुडा पाणी ओतलं की एक काडी उजवीकडे. रेडिओ म्हणाली, "हे काय मावशी, गॅस पेटत नाहीये का?" मावशी म्हणाल्या, "तू आपलं कांदे चिर." शेवटी काड्या मोजल्या. उजवीकडे डावीकडच्या बरोब्बर दुप्पट. एकही काडी कमी नाही, एकही जास्त नाही. झाकण काढलं तर भात आसट.

त्या दिवशी मावशींची खरी पाचावर धारण बसली. माणूस चुकला तर सुधारता येतं. बरोबर करूनही चूकच होत असेल तर धरायचं कशाला? आपण काड्यासुद्धा खोट्या मोजल्या असतील, मोजल्यासारखं वाटलं असेल, असं त्यांच्या मनानं घेतलं. पुड्यात काही खोट असेल हे त्यांच्या स्वप्नातही आलं नाही. का येईल? पुडा तोच होता, निळा, वर कणसाचं चित्र, उंचीला तेवढाच, रुंदीला तेवढाच. वर्षानुवर्षं न बदललेला पुडा एकीकडे आणि साठीकडे झुकलेली बाई दुसरीकडे, मग गुन्हेगार कोण हे सांगायला पंच कशाला लागतात.

रेक्टरबाईंनी त्यांना एकदा ऑफिसात बोलावलं. पंखा मोठा केला, बसा म्हणाल्या. एवढा मान मिळाला की माणसानं ओळखावं, पुढे काहीतरी वाईट आहे.

"मुलींची काही तक्रार नाही हं," रेक्टरबाई म्हणाल्या. म्हणजे होती. "मीच आपली विचारते. दमलात का हो मावशी? नाहीतरी तुम्हाला नातीकडे जायचंच आहे. उगाच शेवटचे दिवस ओढू नका."

"नाही, दमले नाही," मावशी म्हणाल्या. "गॅसची शेगडी जुनी झालीय."

"नवी घेऊ मग," रेक्टरबाई म्हणाल्या, आणि खरंच घेतली. नव्या शेगडीवरही भात आसट झाला, आणि आता मावशींकडे दोष द्यायला काही उरलं नाही.

डॉक्टरांकडे जावं, हे सुचलं नाही असं नाही. दोनदा त्या दवाखान्याच्या दारापर्यंत गेल्या. पण डॉक्टरांनी एकदा ते नाव उच्चारलं की ते पक्कंच झालं, मग ते परत घेता येत नाही. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं म्हणून त्या तशाच बसस्टॉपवर आल्या.

लेक आली ती रविवारी, बाळाला घेऊन, तोंडभर हसत. "आई, पुढच्या सोमवारी मी रुजू होतेय. तू शनिवारीच ये. तुझी खोली लावून ठेवलीय, खिडकीकडची."

बाळ मावशींच्या मांडीवर होतं. तिनं त्यांचं बोट धरून तोंडात घातलं होतं आणि हिरड्यांनी चावत होती. मावशींनी लेकीकडे बघितलंच नाही.

"मला नाही जमणार गं."

"काय नाही जमणार? खिडकीकडची नको का खोली?"

"यायलाच नाही जमणार. नोकरी सोडवत नाही."

लेकीला आधी थट्टा वाटली. मग नाही वाटली. "आई, तू काय बोलतेयस? आपलं ठरलंय."

"ठरलं होतं. आता नाही वाटत. इतक्या वर्षांची सवय आहे, मुलींची, स्वयंपाकघराची."

"लोकांच्या पोरींना रांधून घालायला जमतं, आणि आपल्या नातीला चार घास भरवायला जमत नाही?"

"तसं समज."

हे 'तसं समज' मावशींच्या तोंडून कसं आलं ते त्यांचं त्यांना ठाऊक. खरं सांगायचं तर त्यांनी ते घरी म्हणून बघितलं होतं, आवाज न कापता म्हणता येईपर्यंत. खरं कारण सांगितलं असतं तर लेक रडली असती, डॉक्टरांकडे घेऊन गेली असती, आपली नोकरी घालवून आईपाशी बसली असती, बाळ एकीकडे आणि बाळ झालेली आई एकीकडे. त्यापेक्षा रागावलेली बरी. रागावलेलं माणूस निदान आपलं आपण उभं राहतं.

लेकीनं बाळाला उचललं. बाळ बोट सोडेना तेव्हा तिनं एकेक बोट उलगडून सोडवलं. "बाबा असते तर हे बोलायची तुझी हिंमत झाली नसती," एवढंच म्हणाली आणि गेली. मावशी तोंड दाबून बुक्क्यांचा मार खात दाराशी उभ्या राहिल्या.

त्यानंतर विहीणबाई धावून आल्या. लेकीच्या सासूबाई म्हणजे कष्टाळू बाई, आपल्या गावात शिवणाचे वर्ग चालवायच्या. त्यांनी वर्ग बंद केले, यंत्रं विकली, घर भाड्यानं दिलं आणि मुलाकडे येऊन राहिल्या. हे मावशींना फोनवरून कळलं, तेही जावयाकडून. लेक फोनवर यायची ती 'बरी आहेस ना, बरी आहे' एवढ्यापुरती. मावशीही तिच्याकडे जाईनात. चार तास त्यांच्यात बसायचं आणि तेवढ्यात काही विसरलं, काही सांडलं, तर? लेकीचे डोळे फार तीक्ष्ण. मावशी सणावाराला सुद्धा काहीतरी निमित्त सांगायच्या आणि मग घरी बसून रडायच्या.

असे बरेच महिने गेले. मग कोठीची खोली रंगवायला काढली.

कोठीची खोली म्हणजे वसतिगृहाचं सगळं वाणसामान ठेवायची जागा. लोखंडी मांडण्या भिंतीला लावलेल्या, त्या रंगाऱ्याला पुढे ओढायला लावल्या, आणि सगळ्यात मागच्या मांडणीच्या मागून तांदळाचा एक पुडा निघाला. कधी पडला होता देव जाणे, वर बोटभर धूळ. रेडिओनं तो फडक्यानं पुसला. निळा, कणसाचं चित्र.

"टाकायचा का?" ती म्हणाली.

"दे इकडे, बघते," मावशी म्हणाल्या आणि हात पुढे केला. दुसऱ्या हातात नव्या मालातला एक पुडा होता, तो त्या तेवढ्यात मांडणीवरून उतरवत होत्या.

एक हात खाली गेला, एक वर राहिला.

मावशी जागच्या जागी उभ्या राहिल्या. पहिला विचार काय आला असेल? की आता हातही गेला. डोकं गेलं होतंच, आता हाताला जड-हलकंही कळेना. दोन्ही पुडे सारखे दिसतायत, मग सारखेच असणार. त्यांनी हात बदलून बघितले. आता दुसरा हात खाली गेला.

"रेडिओ," त्या म्हणाल्या, "हे दोन धर जरा."

रेडिओनं धरले. "हा जड आहे," ती लगेच म्हणाली.

"कुठला?"

"हा काय, जुना. चांगलाच जड आहे. का, काय झालं?"

"नीट सांग. खरंच जड आहे का मी विचारलं म्हणून म्हणतेयस?"

"अहो मावशी, मी काय वकील आहे? जड आहे म्हणजे जड आहे." रेडिओनं नवा पुडा हलवला. आत तांदूळ खुळखुळले. जुना हलवला, तो मुका. "हा बघा, ह्याच्यात निम्मी हवाच भरलीय."

दोघींत चष्मा एकच होता, मावशींचा. आधी मावशींनी लावून जुना पुडा उलटा केला, मग रेडिओनं लावून नवा. छापलेलं होतं, अगदी मागे, खालच्या शिवणीशी, मुंगीएवढ्या अक्षरात. जुन्यावर एक किलो. नव्यावर आठशे ग्रॅम. चित्र तेच, रंग तोच, उंची-रुंदी तीच, आणि पोटातून दोनशे ग्रॅम गायब.

"दिसतं तसं नसतं, म्हणून जग फसतं," रेडिओ म्हणाली आणि मग तिनं चष्म्यातून वर बघितलं. "मावशी? अहो, बसा. बसा आधी."

मावशी बटाट्याच्या पोत्यावर बसल्या. तांदूळ कमी, आणि पाणी मात्र रिकाम्या पुड्याच्या मापानं, काठोकाठ, दोनदा. हवेच्या वाट्याचंही पाणी त्या घालत होत्या. आईची पद्धत चुकली नव्हती, काड्या चुकल्या नव्हत्या, हात चुकला नव्हता. त्या उठल्या आणि वेड लागल्यासारख्या मांडणीवरचा एकेक जिन्नस उलटा करायला लागल्या. सूपचं पाकीट. केकचं पीठ. चहा. धुण्याची पावडर. सगळ्यांच्या मागे ती मुंगीएवढी अक्षरं होती, आणि एकाचाही आकडा पूर्ण, गोल नव्हता. सगळे आपले अडनिडे, कुणी कोपरा कुरतडल्यासारखे.

त्या तशाच, हात न धुता, वाण्याच्या दुकानात गेल्या. वसतिगृहाचा माल तोच पुरवायचा. त्यांनी दोन्ही पुडे त्याच्या काट्यावर ठेवले, आधी एक, मग दुसरा.

वाणी काट्याकडे बघायलाही तयार नव्हता. "ठाऊक आहे मावशी. वर्षाच्या वर झालं."

"आणि सांगितलं नाहीस?"

"कुणी विचारलं नाही. छापलंय की पुड्यावर."

"कुठं छापलंय? भिंग घेऊन बघायचं का माणसानं?"

"मी छापतो का? मला कंपनी पाठवते तो मी ठेवतो." वाणी वैतागला होता, पण मावशींवर नाही. "गेल्या महिन्यात एक गिऱ्हाईक म्हणालं, तूच पुडे उघडून काढून घेतोस. दुकानात चार माणसांसमोर. काय बोलणार?"

"आणि भाव?"

"भाव तोच. तीच तर मेख आहे. भाव वाढवला की लोक बोंब मारतात. भाव सगळ्यांना पाठ असतो मावशी, वजन कुणाला पाठ असतं?"

मावशी रस्त्यावर आल्या आणि एकट्याच हसायला लागल्या. पिशवीत दोन पुडे, डोळ्यांत पाणी, आणि हसू थांबेना. माझं डोकं ठीक आहे. माझं डोकं ठीक आहे. मग चार पावलांवर हसू गेलं आणि संताप आला. चोर सोडून संन्याशाला फाशी. आणि फाशी कुणी दिली? त्यांची त्यांनीच. दोनशे ग्रॅम तांदळावर कुणीतरी कुठंतरी बसून चार पैसे वाचवले, आणि इथं एका बाईनं आपली नात देऊन टाकली.

लेकीच्या घराची बस समोरच आली. त्या चढल्या. आज पाढा नाही म्हटला, नातेवाईक नाही मोजले. आपण काय बोलायचं ते ठरवत होत्या. मी येते, अगदी उद्या येते, खिडकीकडची खोली.

दार विहीणबाईंनी उघडलं. खांद्यावर बाळ होतं, बाळ कसलं, चांगली गुटगुटीत पोर झाली होती, दोन दात आले होते, आणि तिनं विहीणबाईंच्या मानेशी केसांत बोटं घालून पक्की मूठ धरली होती. मावशींनी पिशवी खाली ठेवली आणि हात पसरले. "ये गं माझ्या बाई."

पोरीनं त्यांच्याकडे एक क्षण बघितलं, खालचा ओठ बाहेर काढला आणि भोकाड पसरून विहीणबाईंच्या मानेत तोंड लपवलं.

"ओळखेल हो, ओळखेल," विहीणबाई म्हणाल्या. बाई मनानं चांगली, तिलाच कसंनुसं झालं. "नवीन माणूस दिसलं की असंच करते. तुम्ही बसा ना, ताई. उभ्या का?"

खिडकीकडच्या खोलीचं दार उघडं होतं. आत विहीणबाईंचा पलंग, त्यांची औषधं, दोरीवर बाळाची लंगोटी. विकलेली यंत्रं परत येत नाहीत आणि भाड्यानं दिलेल्या घरात उद्या जाऊन झोपता येत नाही. मी येते उद्यापासून, हे वाक्य मावशींनी ओठाशीच गिळलं.

लेक कामावरून आलेलीच होती. ती स्वयंपाकघरातून बाहेर आली, आईला बघून थबकली आणि कोरडेपणानं म्हणाली, "आज कशी काय वाट चुकलीस?"

"जरा आत चल," मावशी म्हणाल्या.

त्यांनी ओट्यावर दोन्ही पुडे शेजारी शेजारी उभे केले आणि सांगायला सुरुवात केली. सांगायचं म्हणजे कुठून सांगायचं? भातापासून सुरू केलं. आसट भात, पातळ सूप, चहाचा डबा, काड्या. लेक आधी चहाचं आधण ठेवत ऐकत होती, मग तिनं गॅस बंद केला. मावशींनी टबाचंही सांगितलं. पाणी हनुवटीला लागलं होतं आणि तू रडतही नव्हतीस, हे त्यांनी इतक्या वर्षांत पहिल्यांदा मोठ्यानं म्हटलं. "मला वाटलं, माझंही तेच होतंय. मला वाटलं, तुझी पोर मी अशीच टबात ठेवून जाईन कुठंतरी. म्हणून नाही म्हणाले गं. नोकरी कसली डोंबलाची."

लेकीनं एक पुडा उचलला, मग दुसरा. दोन्ही हातांत तोलून धरले. बाहेर विहीणबाई पोरीला गाणं म्हणून शांत करत होत्या.

"मला का नाही सांगितलंस?" लेक शेवटी म्हणाली.

"सांगितलं असतं तर दिलं असतंस का बाळ माझ्याजवळ? खरं सांग."

लेकीनं विचार केला. ती खोटं बोलणारी नव्हती, आईवरच गेली होती. "नसतं दिलं," ती म्हणाली.

"मग? तेच झालं ना."

"नाही गं आई. तेच कसं?" लेकीचा आवाज फुटला, पुडे तिच्या हातात तसेच होते. "बाळ नसतं दिलं. पण तुला घेऊन आले असते ना मी. त्या खोलीत तू असतीस."

मावशींना हे कधी सुचलंच नव्हतं. आपण सांभाळायला जायचं किंवा जायचं नाही, एवढंच त्यांनी मोजलं होतं. आपल्यालाही कुणी सांभाळेल, हे कुठल्याही मापात त्यांनी धरलं नव्हतं. त्या ओट्याला टेकल्या आणि तोंडावर हात घेऊन रडल्या, बाहेर ऐकू जाऊ नये म्हणून आवाज दाबून, आणि लेक त्यांचे हात तोंडावरून काढायचा प्रयत्न करत राहिली.